वाचक विचारतात : कृष्णा रेड्डी, एक प्लेट आणि अनेक रंग

गेल्या अंकात मुद्राचित्रकार (म्हणजे धातूची प्लेट, लाकूड किंवा दगड घडवून त्यावरून चित्राचे ठसे छापणारे कलावंत) कृष्णा रेड्डी यांचा छोटा परिचय छापला होता. त्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रे आली. काहींना रेड्डींबद्दल आणखी जाणून घ्यायचे आहे, तर काहींचे स्वतःचे छापकाम कुठेतरी अडले आहे. दोन्हींची उत्तरे इथे एकत्र देत आहोत.

प्रश्न : परिचयात रेड्डींना चित्रकार, शिल्पकार आणि मुद्राचित्रकार असे तिन्ही म्हटले आहे. त्यांचे मूळ काम कोणते? आणि शिक्षक म्हणून त्यांचे नाव एवढ्या आदराने का घेतात? (नौपाडा, ठाणे)

तिन्ही बिरुदे खरी आहेत. पण आमच्या मते त्यांची मुद्राचित्रे समजून घ्यायची तर सुरुवात शिल्पापासून करावी. रेड्डींचा जन्म १९२५ चा, आजच्या आंध्र प्रदेशातल्या चित्तूर भागातला. चाळीसच्या दशकात ते शांतिनिकेतनच्या कलाभवनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकले. १९४७ ते १९४९ मद्रासच्या कलाक्षेत्रात कला विभाग त्यांच्याकडे होता, म्हणजे परदेशी जाण्याआधीच ते शिक्षक होते. पुढे लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये हेन्री मूर, पॅरिसमध्ये ओसिप झाडकीन आणि मिलानमध्ये मारिनो मारिनी हे त्यांचे गुरू. तिघेही शिल्पकार. त्यामुळे हातात तांब्या-जस्ताची प्लेट आली तेव्हा रेड्डींनी ती चित्र काढायचा सपाट पत्रा मानली नाही. ती त्यांना उथळ उठावाचे शिल्प वाटली. सुई आणि आम्ल तर त्यांनी वापरलेच, शिवाय ब्युरिन (कोरायचे टोकदार हत्यार) आणि स्क्रेपरने (तासायचे पाते) धातू कोरून, तासून प्लेटवर चढउतार तयार केले. त्यांच्या रंगपद्धतीचा उगम याच चढउतारांत आहे.

पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला ते पॅरिसच्या 'अटेलिए १७' मध्ये दाखल झाले. ब्रिटिश मुद्राचित्रकार स्टॅनली विल्यम हेटर यांनी १९२७ मध्ये सुरू केलेली ही मुद्राचित्रणाची कार्यशाळा. तिच्या नावातला १७ हा जुन्या जागेचा घरक्रमांक. पिकासो, मिरो यांच्यासारखे लोक हेटर यांच्या प्रेसवर काम करून गेले. तिथे तास, इयत्ता, परीक्षा असला प्रकार नव्हता. प्रेस सामाईक, शाईचे टेबल सामाईक, आणि एकाला जमलेली युक्ती संध्याकाळपर्यंत सगळ्यांना ठाऊक. एकाच प्लेटवर अनेक रंग एकदम चढवून एकाच दाबात छापायची व्हिस्कॉसिटी (म्हणजे शाईच्या घट्ट-सैलपणावर चालणारी) पद्धत इथेच घडली. हेटर, रेड्डी आणि कायको मोती यांचा तिच्यात मोठा वाटा आहे. कायको मोती मूळचे मुंबईचे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. ती सांगायला हवी.

साठच्या दशकात रेड्डी हेटर यांच्याबरोबरीने अटेलिएचे सहसंचालक झाले. १९७६ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले, तिथे विद्यापीठात शिकवू लागले आणि अमेरिकेत व भारतात ठिकठिकाणी जाऊन त्यांनी कार्यशाळा घेतल्या. १९७२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९८८ मध्ये त्यांनी आपली पूर्ण पद्धत पुस्तकरूपाने जगापुढे ठेवली. २०१८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. शिक्षक म्हणून त्यांचा मोठेपणा यातच आहे. स्वतःच्या नावावर जपून ठेवता आली असती अशी पद्धत त्यांनी पायरीपायरीने सगळ्यांना शिकवली.

त्यांचे काम बघायला सुरुवात करायची असेल तर १९६३ चे 'व्हर्लपूल' घ्या. भोवऱ्यातले पाणी रेषेने दाखवलेले नाही. प्लेटवर कोरलेल्या शेकडो छोट्या उतारांवर रंग कमी-जास्त बसला आणि त्यातून पाणी फिरू लागले. १९६८ च्या 'डेमॉन्स्ट्रेटर्स' मागे त्या वर्षीचे पॅरिसमधले विद्यार्थ्यांचे आंदोलन आहे. आणि ऐंशीच्या दशकातल्या 'ग्रेट क्लाउन' चे निरनिराळ्या रंगांतले ठसे शेजारी ठेवून पाहायला मिळाले तर अवश्य पाहा. प्लेट तीच, पण शाईचा क्रम आणि तेलाचे प्रमाण बदलले की चित्राचा स्वभावच बदलतो.

प्रश्न : तीन रंग एकाच प्लेटवर, तेही एकमेकांवर रोलर फिरवून, आणि तरी ते मिसळत नाहीत. हे कसे? घरी करून बघता येईल का? (वाशी)

शाईत तेल किती आहे यावर सगळे अवलंबून असते. तेल जास्त असलेली शाई सैल, तेल कमी असलेली घट्ट. प्लेटवर आधी सैल शाईचा पातळ थर बसला असेल आणि त्यावरून घट्ट शाईचा रोलर गेला, तर घट्ट शाई तिथे चिकटत नाही, रोलरवरच राहते. कोरड्या धातूवर मात्र ती लगेच बसते. क्रम उलटा केला, म्हणजे आधी घट्ट आणि वरून सैल, तर सैल शाई घट्ट शाईवर आरामात बसते आणि दोन रंगांचा मिळून तिसरा दिसतो. चूक-बरोबर असे इथे काही नाही. दोन्ही क्रम वापरात आहेत, फक्त आपण कोणता वापरतो आहोत हे आधी माहीत हवे.

याला जोड मिळते रोलरच्या मऊपणाची. कडक रबराचा रोलर प्लेटच्या फक्त माथ्यांना शिवतो. मऊ रोलर दाबला की खालच्या पातळीतही उतरतो. म्हणून प्लेटला किमान तीन पातळ्या लागतात : मूळ पृष्ठभाग, आम्लाने खाल्लेली मधली पातळी, आणि त्याहून खोल रेषा. मधली पातळी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास खोल असावी आणि पुरेशी रुंदही. अरुंद खड्ड्यात मऊ रोलरसुद्धा पोचत नाही, तिथे पांढरे डाग राहतात.

शाई चढवण्याचा नेहमीचा क्रम असा. आधी खोल रेषांची शाई भरायची. प्लेट किंचित कोमट करून पुठ्ठ्याच्या तुकड्याने शाई रेषांत दाबायची, मग कांजी दिलेल्या जाळीदार कापडाने गोल गोल पुसत पृष्ठभाग स्वच्छ करायचा आणि शेवटी तळहाताने हलका हात फिरवायचा. पृष्ठभागावर शाईची झाक राहिली तर पुढचे सगळे रंग मळतात. त्यानंतर कडक रोलरने सैल शाई : एकच फेरी, हात हलका. मग मऊ रोलरने घट्ट शाई : एकच फेरी, सावकाश आणि दाब देऊन. प्लेट प्रेसवर, त्यावर ओलसर कागद, त्यावर ब्लँकेट (प्रेसचे जाड लोकरी कापड), आणि एकदाच दाब.

'एकच फेरी' हे आम्ही दोनदा लिहिले आहे, कारण बहुतेकांचे काम तिथेच बिघडते. रोलर मागे-पुढे फिरवला की तो मघाशी उचललेली शाई परत टाकतो आणि पातळ्यांमधला फरक पुसला जातो. म्हणूनच रोलरचा घेर प्लेटच्या लांबीपेक्षा मोठा लागतो. १० सेंटीमीटर व्यासाचा रोलर एका फेऱ्यात ३१ सेंटीमीटरच्या थोडे पुढे जातो, म्हणजे ३० सेंटीमीटरची प्लेट त्यावर बसते. रोलर लहान असेल तर दुसरा फेरा सुरू होतो तिथे आडवी रेघ उमटते आणि ती कशानेही जात नाही.

प्रमाणाचे बोलायचे तर सुरुवात ३ भाग शाईला १ भाग कच्च्या जवसाच्या तेलाने करा. पॅलेट नाइफवरून शाई न तुटता धारेने खाली येऊ लागली की सैल शाई तयार. रंगाच्या दुकानात बेलतेल म्हणून मिळते ते उकळलेले जवसाचे तेल. ते चिकट असते आणि लवकर साय धरते, या कामाला नको. घट्ट शाई डब्यातून काढली तशीच वापरायची. तीही सैल वाटली तर चिमूट-चिमूट मॅग्नेशियम कार्बोनेट मिसळायचे. प्रत्येक कंपनीच्या शाईची जात वेगळी, म्हणून प्लेटला हात लावण्याआधी काचेवर चाचणी घ्या : सैल शाईचा एक उभा पट्टा, त्यावरून घट्ट शाईचा आडवा. दोन्ही छेदतात तिथे खालचाच रंग स्वच्छ राहिला तर प्रमाण जमले. तिथे चिखल झाला तर सैल शाईत आणखी तेल हवे.

ठाण्या-नवी मुंबईत ही चाचणी रोज घ्यावी लागते. मे महिन्याच्या दुपारी घट्ट शाईही उन्हाने सैलावते आणि दोन्हींतला फरक कमी होतो. एसी लावून मिसळलेली शाई पंख्याखालच्या टेबलावर आणली तरी हाच अनुभव. पुस्तकात छापलेली प्रमाणे थंड हवेच्या देशातली असतात. ती जशीच्या तशी घेतली तर इथे हटकून फसतात.

घरी पूर्ण पद्धत करणे अवघड आहे. मोठे रोलर महाग पडतात आणि खोल रेषांना प्रेस लागतेच. पण तत्त्व हाताला कळावे म्हणून एक सराव करता येतो. माउंटबोर्डवर त्याच बोर्डाचे कापलेले आकार चिकटवा, लाखेच्या पॉलिशचे दोन-तीन हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. दोन पातळ्यांची प्लेट तयार झाली. कडक रोलरने वरच्या आकारांवर सैल शाई, मऊ स्पंजच्या रोलरने खाली घट्ट शाई, आणि पातळ कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घोटा. आकारांच्या कडांशी थोडी पांढरी रेघ राहते. ती या पद्धतीतच येते, तिला दोष समजू नका.

एक इशारा, तोही अगदी मनापासून. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. हे तेल हवेशी संयोग पावताना तापते आणि बोळ्याच्या आत साठलेल्या उष्णतेने चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या दोरीवर सुट्या पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. वन-बीएचकेमध्ये काम करणाऱ्यांनी हे कधीच विसरू नये.

प्रश्न : नायट्रिक आम्ल टाळायचे म्हणून मोरचूद (कॉपर सल्फेट) वापरून अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर एचिंग (द्रावणाने धातू खाऊन रेषा उमटवणे) केले. पहिल्यांदा काहीच झाले नाही. दुसऱ्यांदा मीठ घातले तर ट्रे फेसाळला, गरम झाला आणि रेषा तुटक आल्या. (कोपरखैरणे)

नायट्रिक टाळलेत हे उत्तम केलेत, फ्लॅटमध्ये ते आणूच नये. पहिल्यांदा काही झाले नाही कारण अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा घट्ट थर असतो. नुसते मोरचूद तो फोडू शकत नाही, मिठातल्या क्लोराइडने तो फुटतो. दुसऱ्यांदा बहुधा दोन्ही अंदाजाने आणि जास्त पडले. १ लिटर पाण्याला ७५ ग्रॅम मोरचूद आणि ७५ ग्रॅम साधे मीठ, वजन करून घ्या. मोरचूद शेतीच्या औषधांच्या दुकानात मिळते. द्राक्षबागांना फवारायच्या बोर्डो मिश्रणात तेच असते. पत्रा लहान असला तरी द्रावण भरपूर ठेवा. थोड्या द्रावणात उष्णता साठत जाते, आणि तापले की ते आणखी जोराने खाते.

तुटक रेषांचे कारण तांबे. द्रावणातले तांबे सुटून रेषेत लालसर-तपकिरी गाळ साचतो, त्याखाली ताजे द्रावण पोचत नाही. पत्रा ट्रेमध्ये तिरका किंवा उभा ठेवा म्हणजे गाळ खाली पडेल. आडवाच ठेवायचा असेल तर दर दोन-तीन मिनिटांनी मऊ ब्रशने किंवा पिसाने गाळ झटका. ब्रश कडक असेल तर ग्राउंड (पत्र्यावरचा संरक्षक लेप) खरवडला जातो आणि नको तिथे ठिपके पडतात. पत्र्याच्या मागच्या बाजूला पॅकिंगची तपकिरी टेप कडेपर्यंत लावा, नाहीतर अर्धे द्रावण मागची बाजू खाण्यातच जाते.

वेळेचा तक्ता दुसऱ्याचा वापरू नका. तळहाताएवढ्या तुकड्यावर पाच सारख्या रेषा ओढा. ५, १०, २०, ४० मिनिटांनी बाहेर काढून एकेक रेष वॉर्निशने झाका, शेवटची तासभर ठेवा. हा तुकडा छापून भिंतीला लावला की पुढच्या कामाला तोच उपयोगी. निळे द्रावण फिके, पांढुरके झाले की त्यातले तांबे संपले. मग त्यात मोरचूद वाढवत बसू नका, नवीन करा.

फेसातून हायड्रोजन निघतो. खिडकी उघडी, जवळ गॅस किंवा उदबत्ती नको, हातमोजे आणि चष्मा हवा, आणि तो ट्रे परत स्वयंपाकघरात जाणार नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातले फेरिक क्लोराइड तांब्याच्या प्लेटसाठी चांगले, पण ते अ‍ॅल्युमिनियमवर ओतू नका, भडका उडाल्यासारखे उकळते. पत्रा १ मिलिमीटर जाडीचा घ्या. वागळे इस्टेट किंवा रबाळे-महापे एमआयडीसीतल्या पत्रा कापून देणाऱ्यांकडे तुकड्याने मिळू शकतो. कडा कानशीने ४५ अंशात उतरवून घ्या, नाहीतर प्रेसमध्ये कागद आणि ब्लँकेट दोन्ही फाटतात.

आता वापरलेल्या द्रावणाचे काय? त्यात धुण्याचा सोडा थोडा-थोडा घाला, फेस येणे थांबेपर्यंत. रात्रभर ठेवले की गाळ खाली बसतो. वरचे निवळ पाणी भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडा. गाळ कापडातून गाळून, वाळवून, बंद पिशवीत 'घातक कचरा' म्हणून वेगळा द्या. सोसायटीच्या पावसाळी गटारात किंवा नाल्यात काहीही ओतू नका. आपले नाले खाडीला मिळतात, तांबे पाण्यातल्या जिवांना फार थोड्या प्रमाणातही मारते, आणि ठाणे खाडी २०२२ पासून रामसर यादीतली, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ जागा आहे. फ्लेमिंगो बघायला आपण जातो, त्यांच्या अन्नात आपले मोरचूद जाऊ नये.

प्रश्न : लायनोकट (लायनोलियमच्या तुकड्यावर कोरलेले चित्र) छापताना काळ्या भागात पांढरे ठिपके राहतात. शाई वाढवली तर बारीक रेषा भरून जातात. शिवाय जुलैमध्ये छापलेले आठवड्यानंतरही हाताला लागते. (कळवा)

ठिपके शाई कमी असल्याने येतात असे सगळ्यांना वाटते, पण हाताने घोटून छापताना दोष बहुतेक वेळा कागदाचा असतो. जाड कार्ट्रिज कागद चमच्याच्या दाबाला दबत नाही. पातळ आणि लांब तंतूंचा कागद घ्या : नेपाळी कागद, किंवा पुण्याच्या हातकागद संस्थेचा पातळ कागद. गुळगुळीत बाजू शाईकडे. घोटताना चमचा छोट्या वर्तुळांत फिरवा, मधून कागदाचा एक कोपरा उचलून बघा, दुसऱ्या हाताने कागद घट्ट धरून ठेवा. दाब कडेपासून नको, मधून कडेकडे.

शाई किती हे कानाने ठरवा. काचेवर रोलर फिरताना बारीक, सलग सरसर ऐकू आली तर थर बरोबर आहे. चटक-चटक असा चिकट आवाज आला तर शाई जास्त आहे आणि रेषा भरणारच. एका जाड थरापेक्षा तीन पातळ थर द्या, आणि प्रत्येक थरासाठी रोलर वेगळ्या दिशेने फिरवा. पहिले दोन-तीन ठसे फिके येणार हे धरूनच चाला, कोरा लायनो शाई पितो. आधी त्याला बारीक सँडपेपरने हलके घासून घेतले तर शाई सारखी बसते.

ओल्या हवेत तेलाची शाई हळू वाळते. ती हवेतल्या ऑक्सिजनने वाळते, पाणी उडून नव्हे, म्हणून हेअर ड्रायरने फरक पडत नाही. थर पातळ ठेवा, कपड्यांच्या चिमट्यांनी ठसे सुटे टांगा आणि पंखा कागदावर न मारता खोलीत फिरता ठेवा. कोबाल्ट ड्रायर (शाई लवकर वाळवणारे द्रव्य) शाईच्या शेकडा दोन भागांपेक्षा जास्त नको. जास्त पडला तर शाई काचेवरच साय धरते. साफसफाईला रॉकेल लागत नाही. आधी गोडेतेलाने शाई सोडवा, मग भांड्यांच्या साबणाने धुवा.

प्रश्न : घरात एक जुने चित्र आहे. खाली पेन्सिलने डावीकडे 'ए/पी' आणि उजवीकडे सही आहे. ही छपाई आहे म्हणजे किंमत नाही, असे एकाने सांगितले. (घोडबंदर रोड, ठाणे)

सांगणाऱ्याचा गैरसमज आहे. मुद्राचित्र ही दुसऱ्या चित्राची नक्कल नसते. प्लेट, लाकूड किंवा दगड चित्रकाराने स्वतः घडवलेला असतो आणि त्यावरून निघालेला प्रत्येक ठसा मूळ कृतीच असतो. १२/५० लिहिले असेल तर ५० ठशांच्या आवृत्तीतला बारावा. 'ए/पी' म्हणजे चित्रकाराने स्वतःसाठी राखलेला ठसा. असे ठसे साधारण आवृत्तीच्या एक-दशांशापर्यंत काढतात. 'एच/सी' हा विक्रीबाहेरचा.

खरे-खोटे तपासायला दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या. चार रंगांच्या ठिपक्यांची फुलासारखी नियमित रचना दिसली तर ती ऑफसेट (छापखान्यातली यंत्रावरची) प्रत, बारीक फवाऱ्यासारखे ठिपके दिसले तर संगणकाच्या प्रिंटरची. एचिंगमध्ये रेषा सलग असते आणि शाई कागदावर किंचित उभी राहते. चित्राभोवती प्लेटच्या दाबाची चौकट बोटाला लागते. लिथोग्राफ (दगडावरून छापलेले) आणि स्क्रीनप्रिंटला (जाळीतून छापलेले) मात्र ती नसते, म्हणून नुसत्या चौकटीवर निकाल देऊ नका. सही तिरप्या उजेडात बघा : पेन्सिलीचे ग्राफाइट चमकते, छापलेली सही चमकत नाही.

देवघरातली जुनी रविवर्मा छापाची चित्रे हा वेगळा प्रकार. राजा रविवर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड असे, आणि उद्देश घराघरात चित्र पोचवण्याचा होता. आवृत्ती मर्यादित नव्हती, क्रमांक नव्हते. त्यांचे मोल आहेच, पण ते वेगळ्या मापाने ठरते.

तुमच्या चित्राची काच आणि चौकट घाईने बदलू नका, जुन्या चौकटीच्या मागचे लेबलही पुरावा असते.

प्रश्न : मुलगी दहावीला आहे. मुद्राचित्रण शिकून पुढे शिकवायचे म्हणते. यात मार्ग काय? (ऐरोली)

शासकीय रेखाकलेची एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट झाली नसेल तर ती आधी. इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला वाढीव गुणही मिळतात. बारावीनंतर चार वर्षांचे बीएफए (कलेची पदवी) आणि त्यानंतर मुद्राचित्रणातले एमएफए (पदव्युत्तर पदवी) हा सरळ रस्ता. सर ज. जी. कला महाविद्यालय सीएसएमटीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, त्यामुळे ठाण्याहून मध्य आणि वाशी-नेरूळहून हार्बर रेल्वेने घरून ये-जा करता येते. ते आता अभिमत विद्यापीठ झाले आहे, म्हणून प्रवेशाचे नियम दरवर्षी त्यांच्या सूचनेतून वाचा. घर सोडायची तयारी असेल तर बडोदा आणि शांतिनिकेतन. दोन्हीकडे मुद्राचित्रणाची परंपरा जुनी आहे : बडोद्यात ज्योती भट्ट यांनी आणि शांतिनिकेतनात सोमनाथ होर यांनी शिकवले. शाळेत कलाशिक्षक व्हायला ए.टी.डी. (कलाशिक्षक पदविका) लागते, महाविद्यालयात एमएफए आणि नेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा). नेटच्या दृश्यकला विषयात मुद्राचित्रणाचा वैकल्पिक भाग आहे.

पदवीपेक्षा आम्हाला एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. स्वतः उत्तम छापणारा पण विद्यार्थ्याचा ठसा का बिघडला हे न सांगू शकणारा शिक्षक वर्गाला उपयोगी पडत नाही. म्हणून तिला पहिल्या दिवसापासून वही ठेवायला सांगा. तारीख, हवा ओली की कोरडी, कागद किती मिनिटे भिजवला, शाईत किती तेल, प्रेसचे चाक किती घट्ट, आणि प्रत्येक बिघडलेल्या ठशाचा एक तुकडा चिकटवून त्याशेजारी कारण. बिघडलेले ठसे फाडून टाकायची मुलांना घाई असते. शिकवताना तेच सर्वांत जास्त लागतात. प्रेसचीही देखभाल तिला यायला हवी : ब्लँकेट कांजीने कडक झाले की कोमट पाण्यात धुणे, बेअरिंगला तेल, दोन्ही बाजूंचा दाब सारखा आहे का हे कार्बन पेपर घालून बघणे. अनेक ठिकाणी प्रेस धूळ खात पडलेली असते, कारण ती चालू करणारा माणूस नसतो.

सोमनाथ होर यांचे उदाहरण तिला जरूर सांगा. बंगालच्या दुष्काळाची आणि तेभागा (बंगालमधल्या बटाईदार शेतकऱ्यांच्या) आंदोलनाची चित्रे काढणारा हा माणूस १९५८ मध्ये दिल्लीला शिकवायला गेला, तिथे एचिंगचे प्रयोग करत राहिला आणि पुढे शांतिनिकेतनात विभागप्रमुख झाला. सत्तरच्या दशकातल्या त्यांच्या 'वूंड्स' मालिकेत शाईच नाही. कागदाच्या ओल्या लगद्यावर साच्याने उमटवलेल्या पांढऱ्यावर पांढऱ्या जखमा आहेत. शिकवण्याच्या नोकरीत कलावंत संपतो असे घरचे म्हणाले, तर हे नाव पुढे करा.

प्रश्न : फ्रेममधल्या मुद्राचित्रावर पावसाळ्यात बुरशीचे ठिपके आले आहेत, कडा कसरीने खाल्ल्या आहेत. काय करावे? (नेरूळ)

हवेतली आर्द्रता शेकडा ६५-७० च्या वर राहिली की कागदाला बुरशी धरते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती बहुतेक दिवस त्याहून जास्त असते. चित्र फ्रेममधून काढा, कोरड्या खोलीत दोन दिवस उघडे ठेवा, मग मास्क लावून मऊ ब्रशने बुरशी घराबाहेर झटका. ओल्या फडक्याने पुसू नका, डाग आत मुरतो. उन्हात शाई उडते, म्हणून चित्राची बाजू उन्हाला दाखवू नका. तपकिरी डाग कागदात शिरले असतील तर घरगुती ब्लीच नको, कागद-संवर्धकाकडे द्या.

परत फ्रेम करताना आम्लविरहित माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची पट्टी) लावा, म्हणजे काच कागदाला टेकणार नाही. चित्र माउंटला पूर्ण चिकटवायचे नाही. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या खळीने लावून टांगते ठेवायचे; सेलोटेप आणि फेविकॉल दोन्ही वर्ज्य. कसर खळीच्या वासाने येते, म्हणून खळ पातळ आणि मोजकी. पाठीमागे प्लायऐवजी आम्लविरहित बोर्ड, फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांवर बुचाचे छोटे तुकडे, म्हणजे भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळते. बाहेरच्या, पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीवर चित्र लावू नका. जून ते सप्टेंबर ते आतल्या भिंतीवर हलवा, किंवा सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद पेटीत आडवे ठेवा आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या तापवून पुन्हा वापरा.